चरात बसेल ती सुई

जुना टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचे यंत्र, घ्यायचे ठरले की बोलणे थेट नावांवर येते. गॅरार्ड चांगला की थोरेन्स, टेक्निक्स घ्यावा की लेन्को, यावर दोन रेकॉर्डवेडे भेटले तर रात्र सरते. माझ्या मते हा प्रश्न नंतरचा आहे. आपल्या कपाटात कोणत्या काळातल्या, कोणत्या द्रव्याच्या आणि किती झिजलेल्या तबकड्या आहेत, हे आधी नीट पाहावे. त्यावरून सुईचे टोक ठरवावे. टोकावरून कार्ट्रिज ठरवावे, म्हणजे सुई ज्यात बसते आणि तिची हालचाल जो विजेत बदलतो तो भाग. आणि ते कार्ट्रिज ज्या यंत्रावर योग्य वेगाने आणि योग्य वजनाने चालेल, ते यंत्र सर्वांत शेवटी निवडावे. बाजार नेमका उलट क्रमाने विकतो, कारण दिवाणखान्यात यंत्र दिसते आणि सुईचे टोक डोळ्यांना दिसत नाही. पण सबंध यंत्रातला तेवढाच भाग ध्वनिमुद्रिकेला स्पर्श करतो. ऐकू येणार असेल तर गाणे त्या टोकातूनच ऐकू येईल, आणि तबकडी खराब होणार असेल तर तीही त्या टोकानेच होईल.

माझ्या संग्रहाचा मोठा भाग नांदेडच्या आजोळाहून आला. १९४८ पर्यंत आपला हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता, आणि इथल्या जुन्या घरांतली रेकॉर्डची पेटी उघडली की ते लगेच कळते. वर बालगंधर्व आणि हिराबाई बडोदेकर, त्यांच्याखाली उर्दू कव्वाली, तिच्याखाली अब्दुल करीम खाँसाहेब, मध्येच एखादे कीर्तन, आणि हे सारे एकाच माणसाने तितक्याच आवडीने घेतलेले. माझ्या मामांनी पुढे त्यात साठच्या दशकातल्या मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या लहान तबकड्या आणि मोनो एलपी, म्हणजे ३३ फेऱ्यांच्या मोठ्या तबकड्या, घातले; सत्तरीनंतरचे स्टिरिओ एलपी बहुतेक मी जमवलेले. म्हणजे एका कपाटात तीन काळ आहेत आणि तिन्हींचे चर, म्हणजे सुई ज्यांतून चालते त्या बारीक खाचा, वेगळ्या मापाचे आहेत.

मामांची पेटी माळवदाच्या खोलीत होती. माळवदाचे घर मे महिन्यातही थंड राहते, त्यामुळे पत्र्याच्या खोलीत एलपी जसे वाकतात तसे हे वाकले नाहीत. पण छतातून पांढरी माती बारीक झडत राहते आणि ती वर्षानुवर्षे चरांत बसली होती. अशी तबकडी धुतल्याशिवाय वाजवणे म्हणजे मातीच्या कणांनी तिला आतून घासणे. एलपी विनाइलचे असतात. त्यांना पाण्यात थोडेसे आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून धुतले तर चालते. लाखेच्या तबकडीला मात्र स्पिरिटचा बोळाही लावू नये. सुतार लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवूनच पॉलिश तयार करतो, आणि तबकडीची लाख त्याहून वेगळी नाही. साधे पाणी, भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश, मधल्या लेबलला पाणी न लागू देणे आणि सावलीत उभे ठेवून वाळवणे एवढे पुरे असते.

आता चराबद्दल. भारतात ध्वनिमुद्रण सुरू झाले ते १९०२ साली, फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यात आला आणि गौहर जान त्याच्या कर्ण्यासमोर गायल्या तेव्हा. १९०८ मध्ये सियालदहला तबकड्या छापण्याचा कारखाना निघाला, पुढे डमडमला मोठा कारखाना झाला, आणि तिथून ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या साठचे दशक संपत येईपर्यंत निघत राहिल्या. जगात एलपी १९४८ मध्ये आला, पण आपल्याकडे दोन्ही प्रकार बराच काळ शेजारीशेजारी विकले गेले. लाखेच्या तबकडीचा चर वरच्या काठाशी साधारण दीडशे मायक्रॉन रुंद असतो (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). एलपीचा त्याच्या निम्म्याहूनही अरुंद. म्हणून सुईचे टोकही वेगळे लागते. ते मिलमध्ये मोजतात. एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. लाखेच्या तबकडीला सुमारे ३ मिल, म्हणजे ७६ मायक्रॉन त्रिज्येचे टोक लागते. जुन्या मोनो एलपीला १ मिल, म्हणजे २५ मायक्रॉन. आणि स्टिरिओला ०.७ मिल, म्हणजे १८ मायक्रॉन. स्टिरिओचे बारीक टोक लाखेच्या चरात थेट तळाशी जाऊन घासत चालते. गाणे कोरलेले असते ते भिंतींवर, तळाशी असतो तो कचरा. मग खरखर इतकी येते की माणूस म्हणतो, रेकॉर्डच गेली. उलट तीन मिलचे जाड टोक एलपीवर टेकवले तर ते चराच्या भिंती कायमच्या फोडते.

ज्यांच्या घरी एचएमव्हीचा फिएस्टा किंवा तसा पेटीतला प्लेअर होता, त्यांना कार्ट्रिजच्या पुढची ती लहानशी कळ आठवत असेल. ती एका बाजूला फिरवली की एलपीची सुई खाली यायची, दुसऱ्या बाजूला फिरवली की ७८ ची. हे कार्ट्रिज क्रिस्टलचे किंवा सिरॅमिकचे असे. त्यातून निघणारा विद्युतदाब एवढा मोठा असतो की व्हॉल्व्हच्या रेडिओच्या पाठीमागे पिकअपसाठी जी दोन छिद्रे असत, त्यांत वायर खोवली की काम झाले. त्या काळी ते सोयीचे होते आणि त्याने घराघरांत गाणे पोहोचवले, याबद्दल मला आदरच आहे. पण ते टोक पाच ते आठ ग्रॅम वजनाने तबकडीवर दाबले जाते, आणि क्रिस्टल म्हणजे रोशेल सॉल्ट हे द्रव्य उष्णता आणि दमट हवा सोसत नाही. परभणीच्या उन्हाळ्यात आणि त्यामागून येणाऱ्या पावसाळ्यात असे कार्ट्रिज जिवंत राहिलेले मी पाहिलेले नाही. फिएस्टा आठवण म्हणून जरूर जपावा. आपल्या चांगल्या एलपीवर त्याची सुई ठेवू नये.

झीज हा विषय जरा थांबून पाहण्यासारखा आहे. लाखेच्या तबकडीत लाखेहून जास्त असते ती दगडाची बारीक भुकटी. ग्रामोफोनची पोलादी सुई त्या भुकटीवर घासून पहिल्या काही फेऱ्यांत चराच्या आकाराची व्हावी, अशीच ती योजना होती; म्हणून प्रत्येक बाजूला नवी सुई लावायची असे. सुई धरणाऱ्या साउंडबॉक्सचे वजन शंभर ग्रॅमहून अधिक. घरातल्या माणसांनी सुई बदलायचा कंटाळा केला की तीच धारदार झालेली सुई पुढच्या तबकडीची भिंत सोलत जाई. मी अशी तबकडी तिरप्या उजेडात भिंगाखाली धरून पाहिली आहे. न झिजलेल्या भागावर काळी चमक असते, आणि आवाज चढला आहे अशा जागी, म्हणजे तान वर जाऊन षड्जावर ठेपते तिथे, चराच्या भिंतीवर राखाडी पट्टा दिसतो. पण हा पट्टा भिंतीच्या एका ठरावीक उंचीवरच असतो. जुनी सुई जिथे टेकली तिथेच तिने घासले; त्याच्या वर किंवा खाली भिंत शाबूत असते. म्हणून अडीच, तीन आणि साडेतीन मिल अशी वेगवेगळी टोके जवळ असली तर एकच तबकडी वेगवेगळ्या उंचीवर वाचता येते. तीन मिलच्या टोकाखाली फाटका वाटणारा आवाज अडीच मिलच्या टोकाखाली एकदम भरीव आणि स्वच्छ होतो, हे मी स्वतः ऐकले आहे, आणि तो आनंद कोणत्याही महाग यंत्राने मला दिलेला नाही.

तेव्हा कार्ट्रिज निवडताना माझी पहिली अट ही, की त्याचे टोक मला घरच्या घरी बदलता आले पाहिजे. या एका अटीत पुष्कळ नावाजलेली कार्ट्रिजे बाद होतात. डेनॉनचे डीएल-१०३ जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी १९६२ मध्ये घडले आणि आजही बनते. एलपीवरचा त्याचा गायकीचा आवाज मला फार प्रिय आहे. पण ते मूव्हिंग कॉइल जातीचे आहे, म्हणजे सुईबरोबर आतले वेटोळे हलते. त्याची सुई आपल्याला काढता येत नाही, आणि त्यातून निघतात जेमतेम ०.३ मिलिव्होल्ट, त्यामुळे वेगळा ट्रान्सफॉर्मर किंवा तशी सोय असलेला फोनो स्टेज, म्हणजे कार्ट्रिजचा क्षीण विद्युतदाब वाढवणारा भाग, लागतो. ज्याच्याकडे फक्त एलपी आहेत त्याने ते अवश्य घ्यावे. मिसळीच्या संग्रहाला मूव्हिंग मॅग्नेट जातीचे, म्हणजे सुईबरोबर चुंबक हलणारे, कार्ट्रिज बरे: तीन ते पाच मिलिव्होल्ट, सत्तेचाळीस हजार ओहमचा कोणताही साधा फोनो स्टेज चालतो, आणि पुढचा सुईचा भाग चिमटीत धरून ओढला की निघतो.

जुनेच कार्ट्रिज घ्यावे का, हेही पुष्कळ जण विचारतात. कार्ट्रिजचे धड, म्हणजे आतले वेटोळे आणि लोहभाग, दशकानुदशके टिकते. टिकत नाही ते सुईच्या दांडीला मागे धरून ठेवणारे रबर. ते पन्नास वर्षांत वाळते किंवा मऊ पडते, मग डबा कितीही सीलबंद असो. म्हणून शुअरचे एखादे जुने एम४४ किंवा एम७५ स्वस्तात मिळाले तर घ्यावे, पण मूळ सुई काढून ठेवावी आणि नवी घ्यावी. शुअरने २०१८ मध्ये कार्ट्रिजे बनवणे थांबवले, तरी जपानच्या जिको कंपनीच्या सुया त्या धडांना मिळतात. मी स्वतः नवे धड घेतले, ऑडिओ-टेक्निकाचे व्हीएम९५. त्याच धडात लंबवर्तुळी टोकाची सुई बसते, गोल टोकाची बसते आणि तीन मिलची ७८ साठीची एसपी नावाची सुईही बसते. एलपीला दोन ग्रॅम वजन लावायचे आणि ७८ ला सुमारे पाच. सुई बदलली की वजन बदलायचे, हे हाताला लवकरच सवयीचे होते. हिऱ्याचे टोक साधारण पाचशे ते हजार तास चालते; किती तास झाले ते वहीत लिहीत जावे, कारण झिजलेले टोक आपली झीज सांगत नाही, ती तबकडीवर उतरते.

मोनो तबकड्यांसाठी वेगळे मोनो कार्ट्रिज असलेच पाहिजे असे नाही. मोनोत सुई फक्त आडवी हलते. उभ्या हालचालीत गाणे नसतेच, धूळ आणि मोटरची थरथर असते. स्टिरिओ कार्ट्रिजच्या दोन्ही बाजू अ‍ॅम्प्लिफायरच्या मोनो बटनाने एकत्र केल्या की उभ्या हालचालीचा आवाज एकमेकांना खोडून जातो. हे बटन नव्या अ‍ॅम्प्लिफायरवर बहुधा नसते. जुना अ‍ॅम्प्लिफायर विकत घेताना ते आहे का हे मी आधी पाहतो.

आता यंत्र. माझ्या कपाटाने दोन अटी घातल्या: ७८ फेऱ्या असल्या पाहिजेत, आणि वेग मागेपुढे करता आला पाहिजे. पहिल्या अटीत थोरेन्सचा टीडी १६० गेला आणि टेक्निक्सचा एसएल-१२०० एमके२ देखील गेला. दोन्ही उत्तम यंत्रे आहेत, पण त्यांच्यावर ३३ आणि ४५ हे दोनच वेग आहेत. गॅरार्डच्या ३०१ आणि ४०१ वर ७८ आहे आणि वेग थोडा फिरवताही येतो, पण त्यांच्या आजच्या किमती मला पटत नाहीत. त्या पैशांत सुयांचा एक संच आणि उरलेल्या आयुष्याला पुरतील इतक्या रेकॉर्ड येतात. ड्युअलचे १०१९ आणि १२१९ परवडतात, ७८ चा वेगही देतात, पण त्यांचे स्वयंचलित भाग जुन्या ग्रीसमध्ये घट्ट होऊन बसतात आणि ते उलगडायला सवडीचा माणूस लागतो.

दुसरी अट लोकांना लाड वाटते, म्हणून ती का घातली ते सांगतो. १९२५ मध्ये विजेचे ध्वनिमुद्रण येण्याआधी कर्ण्यात गायलेल्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांवर मुद्रित होतच असे नाही. एखादी ७४ वर असते, एखादी ८० च्या आसपास. ७४ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजवली तर षड्ज जवळजवळ एका अर्धस्वराने चढतो, तान अकारण घाईची वाटते आणि गळ्याचा पोतच बदलतो. ज्या खाँसाहेबांचा आवाज आपण ‘पातळ’ म्हणून ऐकत आलो, तो कदाचित पातळ नसेलच. अशा वेळी त्याच गायकाच्या नंतरच्या, विजेवर मुद्रित झालेल्या तबकड्या लावून षड्ज जुळवावा, आणि जुन्या तबकडीचा वेग हळूहळू उतरवत तोच गळा समोर येईपर्यंत ऐकावे.

लेन्कोचा एल७५ हे काम करतो. स्वित्झर्लंडचे हे यंत्र. त्याच्या मोटरचा दांडा निमुळता आहे, आणि त्यावर उभे फिरणारे रबरी चाक मागेपुढे सरकवले की वेग अखंड कमीजास्त होतो. वरची थाळी सुमारे ४ किलो वजनाची. माझा एल७५ हैदराबादहून आला. तो घेताना रबरी चाकावर सपाट खड्डा पडला आहे का ते पाहिले. यंत्र बंद असताना चाक थाळीपासून सुटले नाही तर असा खड्डा पडतो आणि मग प्रत्येक फेरीला ठक ठक ऐकू येते. टोनआर्म, म्हणजे कार्ट्रिज धरणारा लांब दांडा, ज्या व्ही आकाराच्या रबरी ठोकळ्यांवर टेकतो ते या मॉडेलमध्ये हमखास झिजलेले असतात. ते नवे मिळतात आणि बदलावेच. टोनआर्म आणि कार्ट्रिजचे एकूण प्रभावी वजन आणि सुईची लवचीकता यांचा मेळ बसला तर जोडीचे कंपन दहा हर्ट्झच्या आसपास राहते, म्हणजे तबकडीच्या वाकांहून वर आणि गाण्याच्या खाली. 

परदेशातून, विशेषतः अमेरिकेतून, यंत्र मागवणाऱ्यांनी विजेकडे आधी लक्ष द्यावे. ११७ व्होल्टचा प्रश्न ट्रान्सफॉर्मरने सुटतो, वारंवारितेचा सुटत नाही. तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची, आणि सिंक्रोनस मोटर वारंवारितेच्या चालीने फिरते. ३३ फेऱ्यांचे यंत्र इथे जेमतेम २७.८ फेऱ्यांवर चालते. षड्ज कोमल गंधाराच्या अंतराइतका खाली येतो, काळी चारमध्ये गाणारी गायिका पांढरी चारमध्ये गाऊ लागते. लातूरच्या माझ्या एका मित्राकडे बेल्टवर चालणारे असे यंत्र आले तेव्हा आम्ही ते लेथच्या दुकानात नेले. ज्या गावांत शेतीच्या पंपांच्या मोटरी दुरुस्त होतात तिथे हाताला मायक्रॉन कळणारे कारागीर असतात, यावर माझा विश्वास आहे. दुकानातल्या चाचांनी पुलीचे माप कॅलिपरने घेतले, आमचा कागद पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “पट्टे की मोटाई पकडे क्या, सर?” तोच प्रश्न खरा होता. पुली नुसती सव्वापटीच्या जवळ मोठी करून चालत नाही. तिचा व्यास आणि पट्ट्याची जाडी मिळून १.२ पट करायची आणि मग जाडी वजा करायची. दहा मिलिमीटरची पुली, ०.६ मिलिमीटरचा पट्टा, तर नवी पुली १२.१२ मिलिमीटरची. चाचांनी पितळेची कांडी लावली, शेवटचा हात इतका हलका फिरवला की भुग्याऐवजी केसासारखी तार निघाली, आणि पुली बसवल्यावर वेग तपासायची १८० रेघांची स्ट्रोब तबकडी जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली स्थिर उभी राहिली. एलईडी दिव्याखाली ही परीक्षा बहुधा होत नाही. त्यासाठी जुनी ट्यूबलाइट किंवा निऑन दिवा हवा.

विजेचा दाब कमी झाला म्हणून सिंक्रोनस मोटरचा वेग बिघडत नाही, ही आपल्या भागात मोठी सोय आहे. भारनियमनात इन्व्हर्टरवर यंत्र चालवायचे असेल तर तो शुद्ध साइन वेव्हचा असावा, नाहीतर मोटर गुरगुरते आणि ती गुरगुर स्पीकरमधून येते.

लाखेच्या तबकड्यांबाबत एक काम उरते. एलपी मुद्रित करताना वरचे स्वर मुद्दाम चढवतात, आणि फोनो स्टेज आरआयएए नावाच्या ठरावीक वक्राप्रमाणे ते परत खाली आणतो, १० किलोहर्ट्झला जवळजवळ १४ डेसिबल. जुन्या ७८ च्या पुष्कळ तबकड्यांत ते स्वर मुळात चढवलेलेच नव्हते, त्यामुळे आवाज घोंगडीआड गेल्यासारखा येतो. ट्रेबलचे बटन वर करावे, सारंगीची गज फिरण्याची खसखस ऐकू येईपर्यंत, आणि खरखर गाण्यावर चढू लागली की थांबावे.

माझ्याकडे आता ०.७ मिलचे लंबवर्तुळी टोक आणि ७८ साठीचे तीन मिलचे टोक आहे, आणि शुअरच्या एका जुन्या धडावर अडीच मिलचे. परभणी, नांदेड, लातूर या भागात कुणाच्या घरी अशी पेटी असेल, तर यंत्रावर पैसे घालण्याआधी त्यातल्या चार तबकड्या धुऊन घेऊन यावे. तिन्ही टोकांपैकी कोणते त्यांना बसते ते ऐकू, आणि मग कोणते यंत्र घ्यायचे ते ठरवू.